भाटकाराची चिठी आणि मानशीतली सुंगटं

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

वकीलबाई, सप्रेम नमस्कार.

आम्ही पेडणे तालुक्यातले. गावच्या खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीला, दोन मानशी आहेत. मानस म्हणजे बांधातलं भरती-ओहोटीच्या पाण्याचं दार. खालच्या मानशीवर आजोबांपासून आम्ही मासे मारतो. १९५८ साली भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, आजोबांना पोर्तुगीजमध्ये एक चिठी लिहून दिली, ती आमच्याकडे आहे. घरात सगळे तिला ‘विकतचिठी’ म्हणतात. आजोबा दरवर्षी भाटकाराच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, एक मोठा चोणक मासा नेऊन देत. १९८५च्या सुमारास भाटकाराची मुलं पोर्तुगालला गेली, तेव्हापासून ते बंद झालं. मानशीची दारं आम्ही बदलली, खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तेव्हा तोही आम्ही बांधला. १९९३ साली वडिलांनी मानशीला स्वतःचं कुलूप घातलं आणि कूळ संघटनेची माणसं आली त्यांना परत पाठवलं. तेव्हा कोणी काही केलं नाही.

गेल्या वर्षी संघटनेची नोटीस आली, की मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, करणार आहोत, तुमचा हक्क असेल तर कागद दाखवा. आम्ही उत्तर दिलं नाही. यंदा पावणी झाली आणि बाहेरच्या एकाने ती घेतली. महिन्यापूर्वी माझा मुलगा रात्री ओहोटीला जाळं बांधायला गेला. पावणीवाल्याच्या माणसांनी त्याला अडवलं, सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, टोपली काढून घेतली आणि चोरीची तक्रार दिली. आता पोलिसांनी नोटीस देऊन बोलावलं आहे. मुलाचे बोटीवरच्या नोकरीचे कागद चालू आहेत, म्हणून घरात कोणाला झोप नाही.

साठ वर्षांहून जास्त काळ आम्ही ही मानस आमची समजून वापरली. ती चोरी कशी? सद्भावनेने ताबा ठेवला हा बचाव कोर्टात चालेल का? मानस आमची ठरेल का? चिठीची मूळ प्रत सोबत पाठवतो.

एक वाचक, पेडणे

—

भाऊ, नमस्कार.

चिठी नीट पोचली. मूळ कागद कधी पोस्टाने पाठवू नये, पण पाठवलात ते एका परीने बरं झालं, कारण हातात घेतल्यावरच तो मला कळला. चार घड्यांचा, निळी शाई विटून तपकिरी झालेला, घडीवर दोन ठिकाणी फाटलेला. माझं पोर्तुगीज कच्चं आहे. म्हणून आमच्या कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांना, जे शाळा पोर्तुगीजमध्ये शिकले, त्यांना तो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता ‘लिसेन्सा’.

भाटकाराने विकत दिलं असतं तर तिथे ‘व्हेंदा’ असतं. भाड्याने दिलं असतं तर ‘आरेंदामेंत’. कायमच्या फोरावर, म्हणजे ठरलेल्या वार्षिक खंडावर, दिलं असतं तर ‘आफोरामेंत’, हा शब्द तर आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना आजही माहीत आहे. लिसेन्सा म्हणजे परवानगी, मुभा. खालच्या मानशीवर जाळं लावायला अमुक इसमास मुभा देत आहे, एवढंच त्या कागदात लिहिलं आहे. तुमच्या घरात तीन पिढ्या तिला विकतचिठी म्हणत आल्या, कारण वाचता कोणालाच येत नव्हती.

हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं. पण हा शब्द एका ठिकाणी तुमचं नुकसान करतो आणि दुसऱ्या ठिकाणी मुलाला वाचवू शकतो. म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा. मुलाने चोरी केली का, हा एक. मानस कोणाची, हा दुसरा. गावात बोलताना दोन्ही एकाच श्वासात येतात. कोर्टात त्यांची दारं वेगळी आहेत आणि सद्भावनेचं वजनही दोन्हीकडे वेगळं पडतं.

आधी मुलाचं, कारण घाई तिथे आहे.

चोरीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. व्याख्या जुनीच आहे आणि तिचा गाभा ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दात आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू नेली एवढ्याने चोरी होत नाही. ती नेताना मनात लबाडी हवी. जो माणूस ‘हे माझंच आहे’ असं खरोखर मानून उचलतो, त्याचं मानणं पुढे चुकीचं ठरलं तरी तो चोर ठरत नाही. गंमत नव्हे, यावर सर्वोच्च न्यायालयात खटला गेला तोही माशांवरूनच. बंगालमधल्या एका वादातल्या तळ्यातले मासे काढल्याचं ते प्रकरण, निकाल १९६३चा. हक्काचा दावा सद्भावनेने केलेला आणि वाजवी असेल तर त्या घेण्याला चोरी म्हणता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. असा विश्वास खरंच होता की नाही हे प्रत्येक खटल्यातल्या पुराव्यावरून ठरतं, हेही त्यातच आहे.

तेव्हा तुमच्या मुलाचा विश्वास खरा होता, हे कशावरून दिसेल? तो लहानपणापासून बापाबरोबर त्याच मानशीवर गेला. कुलूप तुमचं होतं, किल्ली तुमच्या घरात खुंटीला. दाराच्या फळ्या तुमच्या सुताराने केल्या. जाळं तो नेहमीच्या जागी, नेहमीच्या ओहोटीला बांधत होता. रात्री गेला म्हणून लपून गेला असं तक्रारदार म्हणेल. त्याला उत्तर सोपं आहे: मानशीवर जाळं ओहोटीच्या वेळेप्रमाणे बांधतात, मग ती दुपार असो की रात्रीचे दोन. त्या रात्रीच्या भरती-ओहोटीचा तक्ता काढून ठेवा. न्यायाधीश कदाचित खाजन नसलेल्या गावातले असतील. त्यांना हे समजावून सांगावं लागेल.

आणखी एक मुद्दा तुमच्या वकिलाच्या कानावर घाला. वाहत्या पाण्यातला मासा कोणाच्याच ताब्यात नसतो. बंद तळ्यातला असतो, कारण हवा तेव्हा काढता येतो. मानशीच्या आतली पोंय, म्हणजे पाण्याचा डोह, या दोन्हींच्या मध्ये येते: दार उघडं असताना शेवटे मासे आणि सुंगटं आत-बाहेर करतात, दार पडलं की कोंडली जातात. त्या रात्री जाळं दाराच्या नदीकडच्या अंगाला होतं की पोंयीकडच्या? दार उघडं होतं की पडलेलं? तुमच्या पत्रात हे नाही. मुलाला विचारा आणि आठवतंय तोवर लिहून काढा.

आता त्या नोटिशीकडे येते. ती उत्तर न देता ठेवून दिलीत, हे तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी तीनदा वाचलं.

सद्भावना म्हणजे काय, याच्या आपल्या कायद्यात दोन व्याख्या आहेत. सामान्य वाक्यखंड अधिनियम १८९७चा, तो म्हणतो, खरोखर प्रामाणिकपणे केलेली गोष्ट सद्भावनेची, मग ती निष्काळजीपणे केलेली का असेना. मुदतीचा कायदा, म्हणजे दावा किती वर्षांत लावायचा ते ठरवणारा, १९६३चा, तो मात्र योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेल्या गोष्टीला सद्भावना मानत नाही. न्याय संहितेचीही व्याख्या याच दुसऱ्या जातीची आहे. तुमच्या आजोबांना दोन्ही व्याख्या तारतात: भाटकाराने कागद दिला, भाटकाराचा शब्द म्हणजे गावात कायदा, वाचायला येत नाही, दुसरं काय करणार? वडिलांपाशी येईपर्यंत प्रश्न थोडा अवघड होतो, कारण म्हापशात नि पणजीत पोर्तुगीज वाचणारी माणसं होती आणि विचारायला पन्नास वर्षं होती. आणि गेल्या वर्षी तर कोणीतरी लेखी विचारलं, की तुमचा कागद दाखवा. त्या दिवसानंतर ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ असं तुम्ही स्वतःपुरतं म्हणू शकत नाही. मुलगा म्हणू शकतो का? नोटीस कोणाच्या नावाने होती, पोचपावतीवर सही कोणाची, त्याला घरात कोणी सांगितलं का, यावर ते ठरेल. चोरीच्या खटल्यात त्याचं मन तपासतात, तुमचं नाही.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तिसवाडीतल्या एका बेटावरच्या माणसाचा खटला चालवला. असाच मानशीचा, असाच दोन पिढ्यांचा वापर. साक्षीदार उत्तम, कागद बरे. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एक पोचपावती पुढे केली आणि विचारलं, ही सही तुमची का? माझ्या अशिलाने मान डोलावली. पाकिटात काय होतं? तो म्हणाला, उघडलं नाही. कोर्टात शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी त्याने ते पाकीट मला आणून दिलं, सहा वर्षं देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेलं, डिंक न सुटलेलं. घरात कोर्टाचं पाकीट आलं की ते देवापुढे ठेवायचं, उघडायचं नाही, अशी त्याच्या आईची समजूत होती. त्याच्यात लबाडीचा लवलेश नव्हता. पण काळजी घेतली का, या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि आम्ही हरलो. दोष त्याचा नाही, माझा. नोटीस आली होती का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून खाजनाचं प्रकरण घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

म्हणून तुमच्या बाबतीत आजची पहिली गोष्ट: त्या नोटिशीला उशिरा का होईना उत्तर द्या. चिठीची प्रत, वापराची हकीकत, दुरुस्तीचा खर्च सगळं लिहा आणि ‘आमचे हक्क राखून’ हे शब्द घाला. आणि तोवर मुलाने मानशीवर जाळं बांधू नये. हे ऐकून तुम्ही म्हणाल, थांबलो तर ताबा गेला. लेखी उत्तर देऊन, कोर्टात अर्ज करून थांबणं म्हणजे ताबा सोडणं नव्हे. उलट दुसऱ्यांदा टोपली पकडली गेली, तर पहिल्या रात्रीचा खरा विश्वासही कोर्टाला खोटा वाटू लागेल.

आता मानस तुमची ठरेल का, ते बघू.

तुम्ही वापरलेला ‘सद्भावनेने ताबा’ हा शब्दप्रयोग आपल्या गोव्यात जुना आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून इथे लागू झाली. ज्या हक्कपत्रातला दोष ताबेदाराला माहीत नाही त्याच्यावर चालणारा ताबा म्हणजे ‘बोआ फे’चा, सद्भावनेचा, अशी तिची व्याख्या. अशा ताबेदाराला ती मालकीकडे नेणारी वाटही जवळची देई. नोंद नसलेला सद्भावनेचा ताबा पंधरा वर्षांत पिकत असे, इतर ताब्याला तीस वर्षं लागत. म्हातारे भाटकार आजही हे पंधरा-तीसचं गणित सांगतात. पण १९६३चा मुदत कायदा आल्यावर हे गणित कितपत उरलं, यावर गोव्यातल्या कोर्टांत वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी २००१ साली एका बँकेच्या कर्जवसुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुदतीच्या बाबतीत गोव्यातही १९६३चाच कायदा चालतो. त्यामुळे त्या पंधरा वर्षांवर भिस्त ठेवून दावा लावू नका. शिवाय त्याच संहितेत असंही आहे, की दुसऱ्याने निव्वळ चालवून घेतलेलं वागणं म्हणजे ताबा नव्हे. तुमच्या कागदावरचा ‘लिसेन्सा’ तिथेच जाऊन बसतो.

आजच्या कायद्यात खाजगी मालकाविरुद्ध बारा वर्षं आणि सरकारविरुद्ध तीस वर्षं प्रतिकूल ताबा ठेवला की मूळ मालकाचा हक्क संपतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेही मान्य केलं, की असा ताबेदार फक्त बचाव करत नाही, स्वतः दावाही लावू शकतो. पण प्रतिकूल ताब्याला सद्भावनेची गरजच नसते. त्याला लागतो तो उघडपणा आणि विरोध: मी मालकाला मालक मानत नाही, आणि हे त्यालाही ठाऊक आहे. तुमचा चोणक इथे आडवा येतो. दरवर्षी फेस्ताला भाटकाराच्या दारात चोणक ठेवणारा माणूस काय सांगत होता? मानस तुमची, मी तुमच्या मुभेने मारतो. १९५८ ते १९८५ ही सत्तावीस वर्षं त्या चोणकामुळे परवानगीच्या खात्यात जातात.

१९८५नंतर भाटकाराची मुलं परदेशी गेली म्हणून ताबा आपोआप विरोधी होत नाही. मुभेचा ताबा मुभेचाच राहतो, तो कधी पालटला ते दाखवावं लागतं. तुमच्याकडे त्यासाठी एकच दिवस आहे, १९९३ साली वडिलांनी कुलूप घातलं तो. त्या दिवशी त्यांनी संघटनेच्या माणसांना काय शब्द वापरले? ‘ही मानस आमची’ म्हणाले, की ‘भाटकाराने आम्हाला दिली आहे’ म्हणाले? पहिलं असेल तर १९९३पासून मोजता येईल. दुसरं असेल तर पुन्हा मुभाच. आणि २००४च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे, की ‘मी मूळचाच मालक’ आणि ‘माझा ताबा प्रतिकूल’ हे दोन्ही एकाच वेळी म्हणता येत नाही. तुम्हाला एक निवडावं लागेल. दावा लिहिताना वकिलाने दोन्ही घातले, तर त्याला हे विचारा.

कोणी तुम्हाला सांगेल, की चिठीत ‘विकत’ असतं तर सगळं जिंकलं असतं. तसं नाही. ओरिसातल्या चिल्का सरोवराचं प्रकरण बघा, निकाल १९५५चा. राजाला रोख पैसे मोजून, पावत्या घेऊन मच्छीमारांनी पुढच्या वर्षांचे मासे घेतले होते. मग जमीनदारी गेली आणि सरकारने ते मानलं नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क हा जमिनीतून निघणारा लाभ आहे, म्हणजे स्थावर मालमत्ता, आणि तिची विक्री नोंदणीशिवाय तोंडी होत नाही. त्या मच्छीमारांच्या प्रामाणिकपणावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. तरी हक्क मिळाला नाही.

तुमच्या मानशीबद्दल एक गोष्ट मला पत्रावरून कळत नाही, की ती मुळात भाटकाराची होती का. १९७६च्या कूळ कायद्याच्या दुरुस्तीने शेतं कुळांची झाली, आणि बांध-मानशींची सामायिक जबाबदारी १९७५च्या नियमांनी कूळ संघटनांकडे आली. पावणीचे पैसे बांधाच्या दुरुस्तीला लागावेत, ही त्यामागची रीत. तुमचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा कागद, काढा, पोंयीचा सर्व्हे नंबर शेताहून वेगळा आहे का ते बघा, आणि मामलेदार कचेरीत संघटनेची जुनी पावणी-नोंद माहितीच्या अधिकारात मागा. तुमच्या वडिलांनी कुठल्या वर्षी पावणीत बोली लावल्याची सही निघाली, तर ती आत्ताच कळलेली बरी. उताऱ्यावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे, पण उलट सिद्ध होईपर्यंत कोर्ट ती नोंद खरी धरतं.

आता ज्या गोष्टीत मला तुमच्यासाठी खरी आशा दिसते ती सांगते. वहिवाटीच्या हक्कांचा १८८२चा कायदा उघडून कलम ४ची उदाहरणं वाचा. त्यात एका घराचा मालक दुसऱ्याच्या तळ्यातून घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी, नोकरांसाठी पाणी किंवा मासे नेतो, असं उदाहरण आहे. घरापुरते मासे, बाजारासाठी नाहीत. असा वापर हक्क म्हणून, उघडपणे, शांतपणे, वीस वर्षं अखंड झाला तर तो हक्क बनतो, जागा सरकारची असेल तर तीस वर्षांनी. पुन्हा, मुभेने केलेला वापर चालत नाही. पण १९९३च्या कुलपानंतरचा काळ पुराव्याने उभा राहिला, तर पूर्ण मानस नाही तरी ताटापुरती सुंगटं मागायला तुम्हाला वाट आहे. संघटनेशी बोलताना हीच मागणी ठेवा. पावणीवाल्याने मोजलेले पैसे बुडत नाहीत, आणि तुमच्या घराचा पाण्याशी संबंध तुटत नाही. अशी तडजोड लेखी, नोंदवून करा.

पैशाचं थोडक्यात. संघटनेने उद्या ‘इतक्या वर्षांचं उत्पन्न द्या’ म्हटलं, तर मुदतीच्या कायद्याने मागची तीन वर्षंच मोजता येतात. उलट बांध आणि दारं यांवर तुम्ही केलेला खर्च, ज्याचा फायदा सगळ्या शेतांना झाला आणि जो तुम्ही दान म्हणून केला नव्हता, त्याची भरपाई करार कायद्याच्या कलम ७० खाली मागता येते, पण तिलाही मुदत आहे. ज्या वर्षी मोठी खांड पडली त्या वर्षीच्या चिऱ्यांच्या पावत्या शोधा. नसतील तर ज्या सुताराने फळ्या कापल्या तो जिवंत आहे का बघा. लाकूड कोणतं होतं हे तो सांगेल, आणि त्याची साक्ष पावतीहून जड ठरू शकते.

पोलिसांकडे मुलाला एकट्याला पाठवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ची नोटीस असेल तर ठरलेल्या वेळी हजर राहावं. नोटीस पाळणाऱ्याला कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. सोबत चिठीची प्रत, तिचं साक्षांकित मराठी किंवा इंग्रजी भाषांतर आणि एक पानाचं लेखी उत्तर न्यावं, त्यावर पोच घ्यावी. भाषांतरात ‘लिसेन्सा’ हा शब्द ‘मुभा’ असाच येऊ द्या. घरात त्याला विकतचिठी म्हणत होते, हे वेगळं, खरं म्हणून सांगा. कागद बदलून सांगितला तर खरा विश्वासही मातीमोल होईल. तडजोड झाली तर चोरीचा गुन्हा कायद्याने मिटवता येतो, आणि मुलाच्या नोकरीसाठी ते लवकर व्हायला हवं. पण ‘चोरी केली, माफ करा’ अशा कागदावर त्याने सही करू नये.

आणि तारीख मोजा. मारामारीची भीती असलेल्या जागेच्या वादात कार्यकारी दंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कोणाचा ताबा आहे एवढंच बघतो, मालकी बघत नाही. त्या कलमात ‘पाणी’ आहे आणि ‘मासेमारीच्या जागा’ हेही शब्द आहेत. पोलिसांचा अहवाल दंडाधिकाऱ्याकडे पोचण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत कोणाला जबरदस्तीने काढलं असेल, तर तो ताब्यात होता असं दंडाधिकारी धरू शकतो. दिवाणी कोर्टात बेकायदा काढून टाकल्याबद्दल सहा महिन्यांत वेगळा दावा करता येतो, तो मात्र सरकारविरुद्ध चालत नाही. तुमचा एक महिना गेला.

एक विनंती, वकील म्हणून नाही. माझं माहेर चोडणचं. आमचंही शेत खाजनात होतं, त्यात कोरगुट भात व्हायचं. मानशीवरून भांडण पेटलं, की दार कोणी कधी पाडायचं हेच ठरत नाही. मासे जास्त मिळावेत म्हणून भरतीचं पाणी आत ठेवलं जातं आणि शेतं खारी होतात. आमच्या शेताच्या पलीकडे तसं झालेलं मी पाहिलं आहे. तीन पावसाळे तिथे खारफुटी सोडून काही उगवलं नाही. तुमचा खटला चालू असेपर्यंत दार ओहोटीला उघडायचं आणि भरतीला पाडायचं काम कोणाकडे राहील, हे पहिल्याच तारखेला कोर्टाकडून ठरवून घ्या. अर्जात ती मागणी स्वतंत्र परिच्छेदात लिहा.

चिठी स्पीड पोस्टाने परत पाठवली आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये, साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवा. कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेट करू नका. कोर्टाला शाई आणि कागद हाताने बघायचे असतात.